अठरा वर्षांचं मूल आणि आईचा ओटीपी

खातं उघडताना जन्मतारीख विचारून समाजमाध्यमं ज्या १३ वर्षांच्या अटीवर बोट ठेवतात, ती अट आपल्या कायद्यातली नाही. ती अमेरिकेतून आली. तिथे १९९८ मध्ये संमत झालेल्या आणि एप्रिल २००० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याआधी वेबसाइटला पालकांची संमती घ्यावी लागते. ती झंझट नको म्हणून कंपन्यांनी तेराच्या आतल्यांना प्रवेशच नाकारला, म्हणजे जन्मतारखेचा एक रकाना टाकला. मूल तेराव्या वर्षी अनोळखी माणसाला तोंड द्यायला तयार होतं, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. रकाना मात्र जगभर गेला.

आपल्याकडचा आकडा १८. त्याखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा म्हणतो. हा आकडा जुनाच. सज्ञानतेचा १८७५ चा कायदा, करारांचा त्याहून जुना कायदा, सगळे तिथेच येऊन थांबतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने मुलांविरुद्धच्या ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांसाठी वेगळं कलम आलं, त्यातही मूल म्हणजे १८ च्या आतलं. २०१२ च्या पोक्सोतही तेच. ही कलमं गुन्हा घडल्यानंतरची, त्यामुळे बरीच वर्षं हा विषय शाळेपेक्षा पोलीस ठाण्याचा होता.

तो शाळेत आला २०१७ मध्ये, आणि आला तो भीतीच्या लाटेवर. मुंबईत एका किशोरवयीन मुलाच्या आत्महत्येचा संबंध ‘ब्लू व्हेल’ नावाच्या ऑनलाइन खेळाशी जोडला गेला. ऑगस्टमध्ये केंद्राने मोठ्या कंपन्यांना त्याच्या लिंक काढायला सांगितलं, शाळाशाळांत परिपत्रकं फिरली, पालकसभा भरल्या. पुढे संसदेत सांगण्यात आलं की तपासात त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. तोवर ‘सायबर सुरक्षा’ हा शब्द पालकांच्या तोंडी रुळला होता. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुलांच्या माहितीचा आजचा सगळा वाद त्या निकालापासून वाहत आला, पण तेव्हा पालकसभेत त्याची वार्ताही नव्हती.

मग टाळेबंदी. मार्च २०२० पर्यंत दप्तरात मोबाइल सापडला की पालकांना बोलावणं यायचं; जूननंतर मोबाइल नसेल तर हजेरी लागेना. घरात एकच फोन, तो वडिलांचा. वर्गाचा व्हॉट्सॲप गट त्यांच्या नंबरवर, ईमेल खात्यावर त्यांचंच जन्मवर्ष. चौथीतलं मूल कंपनीच्या लेखी चाळिशीचा पुरुष झालं. यात फसवणुकीचा हेतू नव्हता, शाळा बुडू नये एवढंच होतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, ती या काळाच्या पाठोपाठच. त्या भोंग्याला कुणाचं वय विचारावं लागत नाही.

याच सुमारास दिल्लीत माहिती संरक्षणाच्या कायद्याचे मसुदे फिरत होते, आणि गुंता झाला तो ‘पालकांची पडताळणीयोग्य संमती’ या शब्दांत.

२०१८ मध्ये तज्ज्ञ समितीने पहिला मसुदा दिला. मुलांच्या स्वतंत्र वाढीच्या दृष्टीने १८ ही मर्यादा जास्त वाटू शकते, हे समितीने अहवालात मान्य केलं, पण करार कायद्याशी सुसंगती म्हणून १८ च ठेवली. म्हणजे जमिनीच्या खरेदीखतासाठी असलेलं वय व्हिडिओ पाहण्यालाही लागू झालं. २०१९ चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हाही १८ कायम. मुलांचा माग काढणं, वर्तनावर नजर ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. ज्या सेवा मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळतात असं सरकारला पटेल, त्यांच्यापुरतं वय खाली आणण्याची वाटही ठेवली आहे.

पण पडताळायचं काय? जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला, नोव्हेंबरमध्ये नियम अधिसूचित झाले. पालक म्हणवणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, एवढं कंपनीने पाहायचं. त्यासाठी कंपनीकडे आधीच असलेली माहिती किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतलं टोकन, म्हणजे वय आणि ओळखीची डिजिटल खूण, चालेल. ती व्यक्ती याच मुलाची आई किंवा बाप आहे का, हे तपासण्याची सक्ती नाही. शिवाय नियमांतल्या उदाहरणांत मूल स्वतःहून ‘मी मूल आहे’ असं सांगतं किंवा पालक स्वतःहून पुढे येतात, आणि तिथून पुढे सगळं चालतं. ज्या मुलाने २०२० पासून बाबांचं जन्मवर्ष पाठ केलंय, ते असं कशाला सांगेल? उलट कडक तपासणी करायची तर मुलं ओळखण्यासाठी सगळ्यांचंच वय तपासावं लागेल, म्हणजे खासगीपणाच्या कायद्यासाठी आणखी माहिती द्यायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ही संमती घरात कशी दिसते, ते आमच्या मजल्यावर पाहिलंय. सातवीतल्या मुलीने शाळेच्या ॲपचा अर्ज आईच्या फोनवर भरला. आई पोळ्या लाटत होती. “आई, ओटीपी आला,” म्हणत मुलीनेच तो वाचला, टाकला, ‘मी पालक आहे’वर टिक केलं. आईचा हात पिठाचा होता. संमती कागदोपत्री बिनचूक.

शाळांना नियमांत सूट मिळाली आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळा विद्यार्थ्यांचा माग ठेवू शकते. मुलं प्रवासात असताना त्यांचं ठिकाण पाहण्यालाही सूट आहे, त्यामुळे स्कूलबसचं ट्रॅकिंग थांबणार नाही. पण ही सूट ‘शैक्षणिक संस्थे’ला आहे. हजेरी, गृहपाठ आणि फी ज्या बाहेरच्या कंपनीच्या ॲपवर जातात, ती कंपनी शाळेच्या छत्राखाली किती येते, हा मुद्दा शाळांनी करार करतानाच विचारायला हवा. मुलांविषयीच्या तरतुदी लागू व्हायला अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोवर जूनमधले प्रवेश एकदा होऊन जातील, आणि त्या अर्जांवरची टिक जुन्याच पद्धतीने होईल.