व्रणाची कड की व्रणाचा तळ?

घास छातीत अडकणं वेगळं आणि तो खाली उतरताना सुरी फिरल्यासारखं दुखणं वेगळं. डॉक्टर हा प्रश्न मुद्दाम खोदून विचारतात. अन्ननलिकेला विषाणूचा संसर्ग होतो तेव्हा बहुतेकदा दुसरी तक्रार पुढे येते. पाण्याचा घोट नकोसा होतो, आवंढा गिळायचीही धास्ती वाटते. दुखणं असतं छातीच्या मधल्या हाडामागे, त्यामुळे हृदयाचीच शंका आधी येते, आणि ती तपासून घेणं योग्यच आहे.

घशापासून जठरापर्यंतची ही नळी मोठ्या माणसात साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. तिच्या आतल्या अस्तरात चपट्या पेशींचे थरावर थर असतात. धडधाकट माणसात हे अस्तर विषाणूंना सहसा दाद देत नाही. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, केमोथेरपी किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचली की मात्र दोन विषाणू संधी साधतात: हर्पिस सिम्प्लेक्स आणि सायटोमेगॅलोव्हायरस.

हर्पिस म्हणजे ओठावर पाण्याचे बारीक फोड आणणारा तोच विषाणू. एकदा शरीरात शिरला की तो चेतापेशींमध्ये जन्मभर दडून राहतो. अन्ननलिकेत तो वरच्या चपट्या पेशींवरच हल्ला चढवतो. फोड येतात, फुटतात आणि मागे लहान, गोल, उथळ व्रण, म्हणजे उघड्या जखमा, राहतात. सायटोमेगॅलोव्हायरसचा रोख खाली, रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी आणि तंतुपेशींवर असतो. त्याचे व्रण बहुधा मोठे, लांबट आणि खोल.

मला या आजारातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. एंडोस्कोपी करताना व्रणाचा तुकडा तपासणीसाठी काढतात. हर्पिसने ग्रासलेल्या पेशी व्रणाच्या कडेला सापडतात, सायटोमेगॅलोव्हायरसच्या तळाशी. चिमटा फक्त कडेला लावला तर दुसरा विषाणू समोर असूनही निसटू शकतो, म्हणून दोन्हीकडचे तुकडे घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली हर्पिसच्या पेशीत दुधी काचेसारखी धूसर केंद्रकं एकमेकांना चिकटलेली दिसतात. सायटोमेगॅलोव्हायरसची पेशी अवाढव्य फुगलेली असते, केंद्रकात गडद ठिपका आणि भोवती फिकट वलय, अगदी घुबडाच्या डोळ्यासारखं. विषाणूच्या नावातही ‘मोठी पेशी’ हाच अर्थ आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर औषधासाठी. हर्पिसवरचं असायक्लोव्हिर शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्याला चेतवण्याचं पहिलं काम विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) करतं, त्यामुळे औषधाचा घाव मुख्यतः बाधित पेशींवर बसतो. हे औषध घडवण्यात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता. 1988 च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्या होत्या. सायटोमेगॅलोव्हायरसकडे मात्र ते विकर नाही. तिथे गॅन्सिक्लोव्हिर लागतं, बहुधा शिरेतून, आणि रक्तातल्या पेशींवर लक्ष ठेवून.

क्वचित एखाद्या निरोगी तरुणालाही हर्पिसचा हा त्रास होतो, आणि तो बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील आणि गिळताना असं दुखू लागलं, तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. पाणीही गिळवत नसेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.