रंगपाण्यातले धातू आणि सल्फाइड करणारे जिवाणू: पार्श्वभूमी

सोलापुरात चादरी-टॉवेलचे सूत रंगवताना धातू पाण्यात येण्याच्या वाटा जुन्याच आहेत. सल्फर रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरायची पद्धत होती. त्यातले सहा-संयुजी क्रोमियम विषारी आणि पाण्यात सहज विरघळणारे. फिरोजी रंगाच्या तर रेणूतच तांबे असते. चुन्याने मोकळे तांबे आणि जस्त खाली बसतात, हे सहा-संयुजी क्रोमियम मात्र बसत नाही. आधी त्याचे तीन-संयुजी रूप करावे लागते. हे काम जिवाणूही करतात, असे सोव्हिएत संशोधकांनी 1977 साली दाखवले.

दुसरा धागा त्याहून जुना. 1895 मध्ये डेल्फ्टच्या बायेरिंकने सल्फेटपासून सल्फाइड (दोन्ही गंधकाचीच रूपे) करणारा जिवाणू ओळखला. पुढे कित्येक वर्षे तो जमिनीतले लोखंडी नळ कुजवणारा म्हणूनच बदनाम होता. पण सल्फाइड तांबे-जस्ताला चुन्यापेक्षा पक्के बांधते. नेदरलँड्सच्या बुडेल येथील जस्त कारखान्यात 1992 पासून दूषित भूजलावर हे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. जिवाणूंचे खाद्य इथेनॉल. त्याआधी, 1980 च्या दशकात सूक्ष्मजीवांच्या मृत पेशींवर धातू चिकटवण्याचा गाजावाजा झाला होता. कॅल्शियमसारखे इतर आयन त्याच जागा बळकावतात आणि पेशींचे कण लवकर झिजतात, म्हणून तो बाजारात टिकला नाही.

सोलापूरच्या पाण्याची अडचण उलटी आहे. रिॲक्टिव्ह रंगाच्या टाकीत लिटरला 40 ते 80 ग्रॅम ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, पडू शकते. सल्फेट हवे त्याहून कितीतरी जास्त. 1 ग्रॅम सल्फेटला सुमारे 0.67 ग्रॅम सीओडीचे (सेंद्रिय खाद्य ऑक्सिजनच्या हिशेबात मोजण्याचे माप) खाद्य लागते. साखर कारखान्याची मळी त्या हिशेबाने ओतली तर सगळ्या सल्फेटचे सल्फाइड होऊन जिवाणूच गुदमरतील, आणि बंद टाकीत उतरलेला माणूसही. म्हणून खाद्य धातूच्या मापाने द्यायचे: 65 मिलिग्रॅम जस्ताला साधारण 64 मिलिग्रॅम सीओडी, वर थोडे जास्त. सुताच्या कांजीचे पाणी त्यात मिसळत असेल तर तेही खाद्यात मोजायचे. पीएच 6.5 ते 8, हवा बंद, उरलेले सल्फाइड पुढच्या टाकीत हवा देऊन मोडायचे.

फिरोजीचे तांबे मात्र रेणूत घट्ट बसलेले असते, ते सल्फाइडला सहज सापडत नाही. क्रोमियम सल्फाइड म्हणून बसतच नाही. सल्फाइड त्याचे रूप बदलते आणि ते हायड्रॉक्साइड होऊन गाळात जाते. तो गाळ धोकादायक कचरा म्हणूनच वेगळा सुकवून पाठवावा लागतो, शेणखतात मिसळून शेतात नव्हे.