नागपूर–उमरेड–आरमोरी रस्ता

नागपूरहून आग्नेयेला उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे वैनगंगेपलीकडच्या आरमोरीला जाणारा रस्ता. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तीन जिल्हे तो जोडतो. पूर्वीचा हा राज्य महामार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ३५३-डी आहे. नागपूरकरांच्या तोंडी मात्र नाव एकच, 'उमरेड रोड'.

नागपूरच्या कडेची दिघोरी सोडली की विहिरगाव, पाचगाव, चांपा मागे टाकत सुमारे ४५ किलोमीटरवर उमरेड येते. कोळसा खाणींचे हे गाव. २०१२ साली घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे जंगलही इथून जवळच. २०१६ मध्ये बेपत्ता झालेला 'जय' वाघ याच अभयारण्यातला.

भिवापूरची ओळख मिरचीची. भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची रंगाने लालभडक. हंगामात सातऱ्यावर (मिरची वाळवण्या-निवडण्याच्या मोकळ्या जागेवर) मिरचीचा लाल थर पसरलेला असतो, कडेला बसून बाया देठ खुडत असतात आणि नवख्याला शिंका आवरत नाहीत.

या रस्त्याचे खरे महत्त्व मात्र भिवापूर ते नागभीड या टप्प्यात आहे. तोवर दुतर्फा पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन. मग हळूहळू शेतांचे आकार लहान होतात, धुरे (बांध) उंच होतात आणि शेताला 'बांधी' म्हणणारा मुलूख सुरू होतो. बोडी (लहान तळे), मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव), आषाढातले पऱ्हे (धानाची रोपे), चिखलात ओणवून चाललेली रोवणी (लावणी): ही झाडीपट्टी, पूर्व विदर्भाचा धानाचा मुलूख. बोलीही बदलते. दोन-अडीच तासांच्या प्रवासात कापसाच्या विदर्भातून धानाच्या विदर्भात नेणारा हा रस्ता केवळ अंतराच्या आकड्यांनी समजत नाही.

नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे जवळजवळ या रस्त्याच्या सोबतीने धावायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली आणि लहान गावांच्या प्रवाशांचा भार एसटी व काळी-पिवळी जीपवर आला. बाजाराच्या दिवशी फाट्यावर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांना हा फरक सर्वांत आधी जाणवला असणार.

नागभीड हे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे जंक्शन. पुढे ब्रह्मपुरी, तिथून वैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि कोशाच्या कापडासाठी नावाजलेले आरमोरी येते.