इसब आणि घरातली धूळ : संशयाची शंभर वर्षं

घरात मुलाला इसब झालं की पहिला संशय जातो खाण्यावर. वांगं बंद, अंडं बंद, दही बंद. ज्या गादीवर ते मूल रोज आठ-दहा तास झोपतं, तिच्याकडे बोट दाखवायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला.

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. दम्याच्या काही रुग्णांना घरच्या धुळीचा अर्क त्वचेत टोचला की तिथे गांधी उठते, हे १९२०च्या दशकात डॉक्टरांना दिसलं. पण धूळ म्हणजे कापसाचे तंतू, बुरशी, मांजराचा कोंडा, सगळंच. त्यातलं नेमकं काय बाधतं, हे पुढची चाळीस वर्षं उमगलं नाही.

उत्तर मिळालं नेदरलँड्समधल्या लायडन शहरात. तिथल्या दमट घरांतली धूळ जास्त बाधते, हा धागा धरून राइन्डर्ट फोरहोर्स्ट आणि फ्रिट्स स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये एका माइटवर बोट ठेवलं. कोळ्याच्या कुळातला हा जीव मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातो आणि पाणी पिण्याऐवजी हवेतली ओल शोषून जगतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गाद्या कशा ओलसर लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचं मर्म लगेच कळेल. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा.

हे सगळं दम्याचं झालं. इसबाशी थेट दुवा १९८२ मध्ये जुळला. ब्रिटिश संशोधकांनी इसबाच्या रुग्णांची चांगली दिसणारी त्वचा हलकेच खरवडली, तिच्यावर माइटच्या प्रथिनाची पट्टी बांधली, आणि तिथे इसब उमटलं. मग ब्रिटनमध्येच १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गाद्यांना माइटरोधक खोळी घातल्यावर रुग्णांना आरामही पडला. आशा वाढली. पुढच्या चाचण्यांत मात्र तसा ठोस फायदा दिसला नाही. घर घासूनपुसूनही मुलाची खाज थांबत नाही, म्हणून स्वतःलाच दोष देणाऱ्या आयांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की इसबाच्या अनेक रुग्णांत फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातच बिघाड असतो. त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवणारं हे प्रथिन कमी पडलं, की धुळीतल्या प्रथिनांना आत वाट मिळते. १९८२ च्या प्रयोगात त्वचा आधी खरवडली होती, हा तपशील तेव्हापासून वेगळाच दिसू लागला. म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ आज आधी त्वचेला ओलावा देणारं मलम रोज, भरपूर लावायला सांगतात. गादी-उशीचा विषय त्यानंतर येतो.