ग्लँडमधून पाणी ठिबकतंय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे रिपेअरला येणाऱ्या सेंट्रिफ्यूगल पंपांत एक गोष्ट सारखी दिसते, ग्लँडचे, म्हणजे दोरी दाबून धरणाऱ्या झाकणाचे, नट पार आवळलेले, आतली दोरी (पाणी अडवणारं पॅकिंग) जळून कडक आणि स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवरच्या (फिरणाऱ्या दांड्यावरच्या) नळकांड्यावर, नखाला लागतील अशा चरी. थेंब दिसला की कोणीतरी पाना लावतंच.

अहो पण ते ठिबकायलाच पाहिजे! शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथे स्टफिंग बॉक्समध्ये दोरीच्या रिंगा भरून ग्लँडने दाबलेल्या असतात, शाफ्ट फिरला की त्या घासून तापतात आणि त्यांना थंड ठेवतं ते हेच पाणी. मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंब पडू द्या. धार लागली तरच आवळा, दोन्ही नट सारखे, अगदी थोडे, मग जरा वेळ थांबून बघा.

दोरी बदलताना अख्खी गुंडाळून कोंबू नका, रिंगा वेगवेगळ्या कापून एकेक बसवा आणि सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. जुन्यावर नवी एक रिंग टाकून भागवणं म्हणजे आठवड्याभरात तेच काम परत.

विहिरीवरच्या पंपात उलटंही होतं. सक्शनमुळे बॉक्समध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असला तर पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत ओढली जाते, पंप एअर धरतो (पाणी ओढत नाही), लोक फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) बदलत बसतात. म्हणून काही पंपांत डिलिव्हरीचं पाणी बारीक नळीने दोरीच्या रिंगांमधे बसवलेल्या लँटर्न रिंगला (भोकं असलेल्या कडीला) दिलेलं असतं, ती नळी गाळाने चोक झालीय का ते आधी बघा.

काही पंपांत पाणी अडवायला दोरीऐवजी मेकॅनिकल सील असतं, त्यात दोरी नाही. दोन गुळगुळीत चकत्या, एक फिरणारी एक स्थिर, बहुतेक एक कार्बनची आणि दुसरी सिरॅमिक किंवा सिलिकॉन कार्बाइडची, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या आणि मधे पाण्याचा अगदी पातळ थर. गळती जवळजवळ दिसत नाही, पण पंप कोरडा चालला की हा थर जातो, चकत्या तापतात आणि सील गेलं. ते आवळून दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. गढूळ पाण्याला आम्ही साधी दोरीच सुचवतो, स्वस्त पडते आणि पंप न खोलता बदलता येते.

सील मागवताना शाफ्टचा साइज, आत काय वाहतं आणि किती गरम असतं हे नक्की सांगा. गरम पाण्याला चालणारं ईपीडीएम रबर तेलात फुगतं, तिथे नायट्राइल किंवा व्हायटॉन द्यावं लागतं.