करवंदांना 'अँटिऑक्सिडंट'चं लेबल कुणी लावलं?

मे महिन्यात पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरातली करवंदं नाशकात विकायला येतात, पाठोपाठ जांभळं. सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर उरकलेला असतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आपलं द्राक्षही बेरीच. हल्ली यातलं काहीही पाकिटात भरलं की वर 'अँटिऑक्सिडंटयुक्त' छापलंच समजा.

या दाव्याचं मूळ १९५६ सालात आहे. शरीरात तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे पटकन कशाशीही अभिक्रिया करणारे अस्थिर रेणू, पेशींची नासधूस करतात आणि त्यातून म्हातारपण येतं, असं अमेरिकेतल्या डेनहॅम हार्मन यांनी तेव्हा मांडलं. मग मूलकांना आवरणारे पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, भरपूर खाल्ले की झालं, असा सरळ हिशोब लोकांनी मांडला.

१९९० च्या दशकात 'ओरॅक' चाचणी आली. चमकणाऱ्या रंगद्रव्यावर मूलक सोडायचे आणि फळाचा अर्क ती चमक किती वेळ टिकवतो ते मोजायचं. गडद रंगाच्या बेरी यात आघाडीवर राहिल्या. अमेरिकी कृषी खात्यानं आकड्यांचा तक्ताच काढला, कंपन्यांनी तो जाहिरातीत वापरला. पण परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसेना, म्हणून २०१२ मध्ये खात्यानं तो मागे घेतला. वेष्टनांवरचे दावे मात्र राहिले.

त्याआधीच, १९९४ मध्ये, फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला होता.

रक्तातल्या आकड्याची गंमत तर औरच. फळं खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता काही तास वाढते, हे खरं. पण २००४ मध्ये सफरचंदांवर झालेल्या एका प्रयोगात ही वाढ मुख्यतः युरिक अ‍ॅसिडची निघाली; शरीरातच तयार होणारं हे अ‍ॅसिडही अँटिऑक्सिडंटच. फळातल्या फ्रुक्टोज या साखरेमुळे ते वाढतं. नुसतं फ्रुक्टोजचं पाणी पाजलं तरी तसंच घडलं. करवंदाला, जांभळाला काळा-जांभळा रंग देणारी अँथोसायनिन तर जशीच्या तशी रक्तात फारच थोडी उतरतात. बरीचशी मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात.

संशोधक आता या तुकड्यांच्या मागे आहेत. ब्लूबेरी खाल्ल्यावर रक्तवाहिन्या अधिक सैलावतात, असं माणसांवरच्या काही चाचण्यांत दिसलं आहे आणि माझ्या मते रक्तातल्या त्या आकड्यापेक्षा हे जास्त कामाचं. करवंदांवर माणसांत इतकं काम झालेलं नाही. तेव्हा त्यांच्या पाकिटावर ब्लूबेरीचे गुण छापले असतील, तर ते उसने आहेत.