मूत्रपिंडांचे कार्य

मूत्रपिंडे (वृक्के) : रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रावाटे बाहेर टाकणारी आणि शरीरातील पाणी व क्षार यांचे प्रमाण राखणारी इंद्रियांची जोडी. ती कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. वर यकृत असल्यामुळे उजवे किंचित खाली असते. प्रत्येक मूत्रपिंड जेमतेम मुठीएवढे, साधारण ११ सेंमी. लांब. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे येतो, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून जास्त.

मूत्रपिंडाला सर्रास गाळणी म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. चहाची गाळणी नको तो चोथा अडवते. इथे आधी जवळजवळ सगळेच बाहेर काढले जाते आणि मग हवे ते परत घेतले जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. रक्ताच्या दाबाने त्यातून पाणी, मीठ, ग्लुकोज, युरिया असे सारे पाझरते. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने तेवढी मागे राहतात. असा पाझर दिवसाला सुमारे १८० लिटर होतो. अंगातला रक्तद्रव (रक्तपेशी वगळता उरणारा रक्ताचा पातळ भाग) अवघा तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. लघवी मात्र दीड लिटरच्या आसपास होते.

बाकीचे नेफ्रॉनच्या नलिकांतून रक्तात परतते. दोन तृतीयांश पाणी पहिल्याच नागमोडी भागात शोषले जाते, आणि ग्लुकोज तर निरोगी माणसात जवळपास सगळे. प्रथिनांपासून यकृतात बनलेला युरिया काही अंशी परत येतो. स्नायूंतून येणारे क्रिएटिनिन मात्र परत घेतलेच जात नाही. म्हणून रक्तात ते वाढले की मूत्रपिंडे मंदावल्याचे कळते.

पाण्याचा शेवटचा निर्णय संकलन नलिकेत, म्हणजे अनेक नेफ्रॉनमधून आलेली लघवी गोळा करणाऱ्या नळीत होतो. हेन्लेच्या पाशामुळे (नेफ्रॉनच्या नलिकेचे लांब वळण) मूत्रपिंडाचा गाभा रक्ताच्या चौपटीपर्यंत खारट होऊ शकतो आणि ही नलिका त्यातूनच जाते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी शेतात राबणाऱ्याचे रक्त घामामुळे किंचित दाट होते. एक-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूला कळतो. तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते. त्याने नलिकेच्या भिंतीत पाण्याची दारे उघडतात, खारट गाभा पाणी ओढून घेतो आणि लघवी थोडी, गडद पिवळी होते. ‘उन्हाळी लागली’ म्हणतात तेव्हा बहुधा अशीच दाट लघवी जळजळत असते. पण जळजळ टिकली किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासलेच पाहिजे. तांब्याभर पाणी पोटात गेले की संप्रेरक ओसरते, दारे मिटतात आणि तासाभरात लघवी फिकी होऊ लागते.

या बचतीलाही हद्द आहे. पाण्याचा थेंब प्यायला नाही तरी टाकाऊ द्रव्ये वाहून न्यायला दिवसाला सुमारे अर्धा लिटर लघवी लागतेच. समुद्राच्या पाण्याइतकी खारट लघवी माणसाचे मूत्रपिंड करू शकत नाही, म्हणून ते पाणी पिणाऱ्याला त्यातले मीठ काढून टाकायला प्यायल्याहून जास्त पाणी गमवावे लागते.